चोवीस ओळींची वही

ताई पायरीवर बसली होती. एका पायातला बूट काढलेला, दुसरा तसाच. दुपारचे साडेतीन वाजलेले, बार्शीचं मे महिन्यातलं ऊन, पायरी तव्यासारखी तापलेली. आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"ताई, आत ये की. भाजशील."

"मक्या, मी आज बापूला मारलं असतं," ती म्हणाली.

मी रेवाला कडेवर घेऊन दारात उभा होतो. नऊ महिन्यांची माझी भाची आईला बघून दोन्ही हात पुढे करत होती, आणि ताई आपले हात मांडीखाली दाबून बसली होती.

ताई वीज उपकेंद्रात यंत्रचालक होती. उपकेंद्राच्या मागेच कॉलनी, कॉलनीत तिचं क्वार्टर. आत एका लांब खोलीत लोखंडी पॅनेल ओळीनं उभी, प्रत्येक पॅनेल म्हणजे एकेका बाजूच्या गावांची लाइन, आणि प्रत्येकावर लाइन चालू-बंद करायची एक मूठ. वायरमन खांबावर चढणार असला की तो आधी परवान्याचा कागद घेतो. मग त्या लाइनच्या मुठीवर पाटी अडकवतात, 'माणसे काम करीत आहेत'. तो खाली उतरून स्वतःच्या हातानं कागद परत देईपर्यंत त्या मुठीला कुणी बोट लावायचं नाही. हे ताईनं मला मी शाळेत असताना समजावलं होतं, अगदी पेला-चमच्याची पॅनेल मांडून.

"बापू काम करत होता त्याच्या शेजारची लाइन बंद पडली होती," ती सांगायला लागली. "ती चालू करायची होती. मी चुकून बापूच्याच पॅनेलसमोर गेले. मुठीवर पाटी होती. मला ती आडवी येत होती मक्या, म्हणून मी डाव्या हातानं उचलली. उजव्या हातानं मूठ धरली. तेवढ्यात फोन वाजला. फोन घ्यायला वळले तर रिसीव्हर उचलता येईना. बघते तर हातात पाटी."

"आणि बापू?"

"वर. तारेला हात लावून."

रेवा आता रडायला लागली होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"कुणाला कळलं?"

"रजिस्टरात लिहिलंय मी. वेळेसकट. आणि बापू खाली आल्यावर त्यालाही सांगितलं."

"काय म्हणाला?"

"पाणी प्याला." तिनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. "साहेब पुढच्या सोमवारी रजेवरून येतायत. आले की राजीनामा देणार. अर्ज लिहिलाय."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालो होतो आणि ऑगस्टमध्ये संशोधनाला रुजू व्हायचं होतं. दाजी सैन्यात, त्यांची नेमणूक राजस्थानात. आईनं यायचं ठरलं होतं, पण आमच्या अकलूजच्या घरी बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि रेवाला सांभाळायला म्हणून मी आलो. येऊन तीनच दिवस झाले होते. भाचीला कसं धरायचं हेही मला नीट जमत नव्हतं. पण एक गोष्ट जमते असा मला भलताच विश्वास होता.

"ताई, नोकरीचा प्रश्न नाहीये. प्रश्न झोपेचा आहे," मी म्हणालो. "आठव्या महिन्यापर्यंत ही झोपत होती ना?"

"दहाला झोपायची. मध्ये एकदा दूध. थेट पाच."

"आणि आता?"

"दोन आठवडे झाले. तीनदा उठते, चारदा उठते. किंचाळते. उचललं की गप्प. मग अर्धा तास खेळत बसते."

"म्हणजे काहीतरी कारण आहे. कारण आहे म्हणजे सापडेल. मला आठ दिवस दे. आपण नोंद ठेवू."

नोंद म्हटल्यावर ताईनं मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर ताई दिसली.

"लॉगशीटसारखी?"

"लॉगशीटसारखी."

संध्याकाळी तिनं शंभर पानी वही काढली आणि पट्टीनं रेघा मारल्या. एका पानाला चोवीस ओळी, एका ओळीला एक तास. रकाने: वेळ, स्थिती, दूध, खोलीचं तापमान, शेरा, सही. उपकेंद्रात ती सात वर्षं हेच करत होती. घड्याळात पूर्ण तास झाला की उठायचं, प्रत्येक मीटर वाचायचा, लिहायचं, सही ठोकायची. दिवसाच्या ओळी माझ्याकडे, रात्रीच्या तिच्याकडे, कारण रेवा तिच्याजवळ झोपायची आणि मी हॉलमध्ये.

"सहीचा रकाना कशाला?" मी हसलो.

"सहीशिवाय रीडिंग म्हणजे गप्पा," ती म्हणाली.

दुसरा दिवस रविवार, ताईच्या सुट्टीचा. दहाच्या सुमारास फाटक वाजलं आणि ताई पिशवी घेऊन मागच्या दारानं भाजीला निघाली. आदल्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी पिशवीभर भाजी आणली होती. मला ते चमत्कारिक वाटलं, पण त्याला वहीत रकाना नव्हता.

फाटकातून आल्या त्या सोजरबाई. रेवाच्या जन्मापासून तिला न्हाऊ घालायला यायच्या. साठी उलटलेल्या, हातापायांच्या काटक्या, पण तळवे असे रुंद की रेवाची पाठ एका तळव्यात मावायची. मोरीत पाय लांब करून बसायच्या, पोटऱ्यांवर पोरीला पालथं घालायच्या, आणि तेल चोळताना तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायच्या.

"तुजा मामा लई शिकलेला हाय म्हनं. आन काल लंगोट उलटा बांदला हुता त्यानं."

"काल घाई होती, मावशी."

"व्हय, व्हय. गाडी सुटत आसंल तिची."

बाई कुठाय, असं त्यांनी विचारलं नाही. मागच्या दाराकडे फक्त एकदा बघितलं.

माझं काम जोरात सुरू झालं. पहिला संशय उकाड्यावर. मी खोलीत तापमापी टांगली, खिडकीला ओला पडदा लावला, खोली तीन अंशांनी थंड केली. रेवा तीनदा उठली. दुसरा संशय भुकेवर. संध्याकाळी नाचणीचं सत्त्व वाढवलं. चारदा उठली. तिसरा दातांवर, हिरडी बोटानं तपासली, तिनं मला कडकडून चावून तो प्रश्न निकालात काढला. रोज सकाळी मी रात्रीच्या ओळी बघायचो आणि आलेखाच्या कागदावर टिंबं द्यायचो. सात रात्रींचे सगळे तास भरलेले. एकही ओळ कोरी नाही, एकही सही चुकलेली नाही. इतके स्वच्छ आकडे मला प्रयोगशाळेतसुद्धा मिळाले नव्हते. मी ताईला तसं सांगितलंही.

"मग? कारण सापडलं?"

"सापडेल. आकडे अजून थोडे हवेत."

ती चहा गाळत होती. गाळणं कपावर ठेवायचं राहिलं होतं. कामावर आता पॅनेलकडे ती एकटी जात नव्हती. सोबतच्या ऑपरेटरला तिनंच सांगून ठेवलं होतं की, मूठ तू फिरव, मी नुसती लिहिते. डोळ्यांखाली काळं, आणि बोलताना शब्द मध्येच थांबायचा. मला वाटायचं, पोरगी जागवते.

सातव्या दिवशी, शनिवारी, सोजरबाईंनी आंघोळ उरकली, ओव्याची धुरी दिली, बोटानं काजळ घातलं आणि रेवाला जमिनीवर सोडून त्या पंचा पिळायला बसल्या. रेवा रांगत लोखंडी ट्रंकेपाशी गेली. कडेला धरून उठली. उभी राहिली. आमच्याकडे वळून बघितलं, हसली. मग तिचे पाय थरथरायला लागले, तोंड वाकडं झालं आणि तिनं भोकाड पसरलं.

मी उचलायला धावलो.

"थांबा मामा. हात लावू नगा."

"अहो, रडतेय ती."

"रडतीया ते दिसतंय. का रडतीया ते बगा."

मी बघितलं. ट्रंकेची कड तिनं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. ती खाली बघायची, पुन्हा वर बघायची आणि आणखी जोरात रडायची.

"उबं ऱ्हायला शिकलीया," सोजरबाई म्हणाल्या. "खाली बसायला कुटं शिकलीया? आडकली बगा वरच्या वर."

त्या सरकत तिच्यामागे गेल्या. एक हात ढुंगणाखाली धरला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गुडघ्यामागच्या खळीत हलकंच दाबलं. गुडघा वाकला. रेवा धपकन खाली बसली आणि रडणं जागच्या जागी थांबलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याला शोध याशिवाय दुसरा शब्द माझ्याकडे नाही. तिनं लगेच पुन्हा कड धरली.

"रातीबी हेच करती ती. निम्म्या झोपंत उटती, उबी ऱ्हाती, आन आडकती. दिसा धा-इसदा बसाय शिकवा. धा-पंदरा दिसांत झोपंल. समद्यांची पोरं झोपत्यात."

मी धावत जाऊन वही आणली. शेऱ्याचा रकाना. मी तो कधी नीट वाचलाच नव्हता; त्यात आकडे नव्हते, आलेखावर देण्यासारखं काही नव्हतं. ताईच्या अक्षरात रोज तेच होतं: 'ट्रंक धरून उभी', 'उभी, रडते', 'उभी'. सात दिवस कारण माझ्या उशाशी पडून होतं.

"मावशी, हे बघा! ताईनं लिहिलंय!"

"मला वाचाय येत आसतं तर तुमी कशाला? वाचा की."

मी वाचायला लागलो. "काल रात्री. अकरा, झोपलेली. बारा, ट्रंक धरून उभी, रडते. एक, झोपलेली. दोन, झोपलेली. तीन, उभी. चार, झोपलेली. पाच..."

सोजरबाईंचा पंचा पिळायचा थांबला.

"येक वाजता पोरगी झोपली हुती?"

"हो. झोपलेली."

"दोन वाजता?"

"झोपलेली."

"आन ते बगितलं कुनी?"

मी ओळीपुढच्या सहीवर बोट ठेवलं.

"झोपलेलं दिसाय कुनीतरी जागं लागतंय, मामा."

मी पानं उलटत गेलो. रविवार, सोमवार, मंगळवार. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक तासाला निळ्या शाईत तेच अक्षर, पुढे सही. पहिल्या रात्री अक्षर गोल होतं. सातव्या रात्री ते ओळीवरून खाली घसरलं होतं. पोरगी तीनदा उठत होती. उरलेल्या तासांना ताईला मी उठवत होतो.

रेवा तिसऱ्यांदा ट्रंकेला धरून उठत होती. सोजरबाईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून तिला खाली बसवलं.

"सोमवारी ती नोकरी सोडणार आहे," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

"म्हाईत हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बापू माजा ल्योक हाय."

बाहेर कुठंतरी ट्रान्सफॉर्मरची घुमघुम चालू होती. ती तिथं चोवीस तास असायची. त्या क्षणी मला ती पहिल्यांदा ऐकू आली. मागच्या दारानं जाणारी ताई, पुन्हा आणलेली भाजी, सगळं एकदम जागेवर बसलं.

"तरी तुम्ही रोज येता," मी कसंबसं म्हणालो.

"मंग? पोरीची आंगूळ चुकवायची व्हय?" त्यांनी पंचा झटकून दोरीवर टाकला. "आज दुपारी परत येती मी. तिला सांगू नगा."

साडेतीनला ताई आली तेव्हा सोजरबाई पायरीच्या सावलीतल्या कडेला बसल्या होत्या. ताई फाटकातच थबकली. मागचं दार गाठायचं तर पायरीवरूनच जावं लागणार होतं.

"मावशी, तुम्ही... ह्या वेळेला?"

"बूट काड."

ताईनं एका बुटाची नाडी सोडली.

"दोनी."

ताईनं दुसरा बूट काढला. मग तिथंच, उन्हात, अनवाणी उभी राहिली. "मावशी, मला तुमच्याशी बोलायचं होतं. रोज ठरवत होते. माझ्या तोंडून..."

"बापूला बोललीस न्हवं? त्यानं मला सांगितलं. झालं की."

"मी सोमवारी नोकरी सोडतेय. तेच बरं."

"आन तुज्या जागी कोन येनार?"

"येईल कुणीतरी. नवा."

"त्या नव्याच्या हातात आजून पाटी आलेली न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "तुज्या आलीया. तू आता मरंस्तवर इसरायची न्हाईस. बापू काय उद्यापास्नं खांबावर चढायचा थांबत न्हाई, सुलूबाई. तो वर आसल तवा खाली मला तूच पायजेस. पर आशी न्हवं. झोप झालेली पायजेस."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी वही पाठीमागे धरली होती, चोरासारखी.

"ताई, चूक माझी आहे. रात्रीची नोंद आजपासून बंद. कारण सापडलंय, रेवाला बसता येत नाही एवढंच आहे. तू दर तासाला... मी बघायला हवं होतं."

"तू कुठं सांगितलंस मला उठायला?" ताई पुटपुटली. "तास झाला की मला आपोआप... एक ओळ कोरी राहिली तर झोपच लागत नव्हती रे."

"आदी जेव," सोजरबाई म्हणाल्या. "मंग दोगं मिळून चुका वाटून घ्या."

ताई जेवली. मी तिच्या खोलीतली ट्रंक ओढून आणि भिंतीवरचं घड्याळ काढून हॉलमध्ये आणलं. चारला ती आडवी झाली आणि सोजरबाई पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला त्यांनी फाटकातूनच परत धाडलं. पत्ता विचारणाऱ्या एका माणसाला हातानंच रस्ता दाखवला. आत मी आणि रेवा उठायचो आणि बसायचो. ट्रंकेशेजारी मी इतक्यांदा उठाबशा काढल्या की शेवटी तिला माझाच खेळ जास्त आवडायला लागला. दोनदा ती मोठ्यानं रडली. दोन्ही वेळा मी दाराकडे बघत श्वास रोखून धरला. दार उघडलं नाही.

पाच वाजले. सोजरबाई दारातून डोकावल्या. "वही कुटाय?"

"बंद केली ना."

"पोरीची बंद केली. आईची लिवा की."

मी नवं पान काढलं. पाच: ताई, झोपलेली. सहा: झोपलेली. सात: झोपलेली. सही माझी. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर सोजरबाईंनी काजळाच्या डबीत अंगठा बुडवून तिथं ठसा उमटवला. "लिवलं," म्हणाल्या.

आठला बापू आईला न्यायला आला. पस्तिशीचा, सडसडीत, खिशाला टेस्टर लावलेला. त्यानं मोटारसायकल कॉलनीच्या वळणावरच बंद केली होती आणि तिथून ढकलत आणली होती.

"झोपल्यात का म्याडम?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

"हो. चार वाजल्यापासून."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि गाडी वळवून पुन्हा ढकलत निघाला. सोजरबाई त्याच्या मागून चालत गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज वळणापलीकडून आला.

पावणेनऊला ताई उठून दारात उभी राहिली. गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या.

"रेवा रडली नाही?"

"रडली. दोनदा."

"मला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. भिंतीला टेकून, हळूहळू खाली बसत, तिनं ते पुन्हा म्हटलं: "मक्या, मला ऐकूच आलं नाही."

सोमवारी तिनं साहेबांना सगळं सांगितलं आणि राजीनाम्याऐवजी दहा दिवसांची रजा मागितली. रेवाची गादी माझ्याजवळ हॉलमध्ये आली. रात्री एकदा दुधाला तेवढी आईकडे जायची. अकराव्या दिवशी रेवा ट्रंकेला धरून उठली, विचार केला आणि आपली आपण खाली बसली. त्याच आठवड्यात पुन्हा दहा ते पाच झोपायला लागली. माझ्या उपायांपैकी एकाचाही त्यात हात नव्हता. पुढच्या रविवारी दहाला फाटक वाजलं तेव्हा ताई मोरीत पाणी काढून ठेवत होती.

याला आता बारा वर्षं झाली. ताई त्याच उपकेंद्राची प्रमुख आहे. नव्या ऑपरेटरला ती पहिल्या दिवशी पाटी हातात धरायला देते आणि पाच मिनिटं तसंच उभं करते, असं ऐकतो. सोजरबाई आता नाहीत. बापू अजून खांबावर चढतो.

गेल्या महिन्यात आम्ही नागपुरात नवं घर घेतलं आणि माझ्या दीड वर्षाच्या लेकानं नव्या खोलीत झोपायचं नाकारलं. बारा रात्री. मला आणि नेत्राला, माझ्या बायकोला, दोघांनाही ठाऊक होतं की हे तात्पुरतं आहे. तेराव्या दिवशी मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून गॅस लावायचा विसरलो, आणि नेत्रा ते उतू जायची वाट बघत उभी राहिली. फोनवर मी ताईला हे गंमत म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी दहाला दारावरची बेल वाजली. दारात ताई, खांद्याला पिशवी, मागे पिशवीएवढीच जांभई देणारी रेवा. मी दूध आणायला निघालो होतो.

"कुठं निघालास?"

"अगं, तू कशी काय... दूध संपलंय, आलोच."

"बूट काढ," ताई म्हणाली. "दोन्ही."

मला जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. शेजारी नेत्रा गाढ झोपलेली. हॉलमधून लेकाचं हसणं आणि रेवाचं दटावणं ऐकू येत होतं. भिंतीवर घड्याळाच्या जागी नुसता खिळा होता.

उशाशी ती वही होती. काजळाच्या ठशाचं पान आणि त्याला लागून पुढचं, आजवर कोरं असलेलं. पट्टीनं मारलेल्या रेघा तेवढ्या फिकट झाल्या होत्या. शाई ताजी होती.

बारा: दोघेही झोपलेली. एक: दोघेही झोपलेली. दोन: झोपलेली. तीन: झोपलेली. चार: झोपलेली. प्रत्येक ओळीला सही.

शेरा: मक्या घोरतो. बाकी सर्व ठीक.